कूळ आणि कुळवृत्तांत

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वंश, आणि दुसऱ्याची जमीन कसणारा. पहिल्या अर्थाच्या कुळांचे वृत्तांत छापले गेले. दुसऱ्या अर्थाची कुळे सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात राहिली.

अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे वसून कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळे. त्या दाखल्यांवरून वंशज आज आपली वंशावळ जुळवतात; ती भूमी मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हे तीत क्वचितच येते. मालवणच्या किनाऱ्यामागील उतारांवर गडगे रचून ज्यांनी वरकस जमीन नाचणीखाली आणली, त्यांच्या पिढ्यांचा हिशेब मात्र खोत-जमीनदाराच्या वसुलीपुरताच राहिला.

डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी बहुतेक कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. तथापि हक्क शाबीत करण्यास वारसांची साखळी लागते, आणि तीतून सहसा लेकींची व विधवांची नावे गळतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत बसून या कुळांच्या वंशावळी, स्त्रियांच्या नावांसह, लिहून घ्याव्यात. येथे वंशावळ हे घराण्याचे भूषण नसून कसणाऱ्याच्या हक्काचा पुरावा आहे.