आधी पाय, मग पंख

पाखरू कशाच्या जोरावर उडते, असे कोणालाही विचारा. ‘पंखांच्या’ हेच उत्तर येईल. वर विचारणाऱ्याच्या अकलेविषयी शंका येईल ती निराळीच! पण वाचकहो, उड्डाणाचा पहिला धक्का पंखांचा नसतो, पायांचा असतो.

खिडकीच्या गजावरची चिमणी निघताना नीट पाहा. ती किंचित दबते, पाय मुडपते आणि एकदम उसळते. (मागे वळलेला दिसतो तो तिचा गुडघा नव्हे, घोटा, गुडघा वर पिसांत दडलेला असतो.) २००० साली कॅथलीन अर्ल्स यांनी लावा आणि आपल्या साळुंकीच्या कुळातला युरोपीय स्टार्लिंग या दोघांचे मोजमाप केले. जमीन सोडतानाच्या वेगात ८० ते ९० टक्के वाटा पायांचाच निघाला! कारण साधे आहे. हवा रेटली तर ती सरकते. फांदी मात्र पायाला टेका देते.

उतरतानाही तेच. पंख आणि शेपटी पसरून वेग मोडायचा, पाय पुढे करायचे आणि उरलेला हिसका पायांनी गिळायचा. अमेरिकेत इवल्या पोपटांना सँडपेपर, टेफ्लॉन अशा नाना दांड्यांवर उतरवून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उतरण्याची तऱ्हा सगळीकडे सारखीच. दांडी खरखरीत की गुळगुळीत, याचा निवाडा स्पर्श झाल्यावर नख्या करतात, तोही क्षणार्धात.

पाकोळीचे पाय मात्र नावालाच. म्हणून ती भिंतीला लटकते आणि निघताना सरळ स्वतःला खाली सोडून देते. चिमणीला ही चैन नाही.

हे पुराण आज लावण्याचे कारण आमच्या गॅलरीत येणारे एक कबुतर. त्याच्या पायाला दोरा करकचून बसला आहे आणि एक बोट झडले आहे. पॅरिसमध्येही २०१९ साली असे आढळले, की केशकर्तनालये जास्त असलेल्या वस्तीत कबुतरांची बोटे जास्त झडलेली असतात. केस आणि दोरे पायांत गुरफटतात, रक्त अडते आणि बोट गळून पडते.

तेव्हा यंदा आकाशकंदील टांगून झाला, की उरलेला दोरा आणि रोजचे फणीतले केस गॅलरीतून खाली भिरकावू नका. बारीक तुकडे करून, पुडी बांधून केराच्या डब्यात टाका. पंख शाबूत असूनही पायांवाचून पाखराचे अडते, एवढे घरातल्या मुलांनाही सांगा.