ठोकलेले यंत्र आणि कापलेला पगार

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळी भांड्यांची. भांडी घडविणाऱ्या कारागिराचा एखादा घाव चुकला तर एक भांडे बिघडे, आणि चूक कोठे झाली हे त्याच्या हाताला त्याच क्षणी कळे. आज जिल्ह्याच्या कारखानदारीचे रूप वेगळे आहे. गडेगावला मोटारींचे गिअरबॉक्स होतात, वरठीला पोलाद होते. आणि भंडारा, तुमसर, साकोली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडलेले तरुण येथे किंवा नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी येथील वसाहतींत संगणकनियंत्रित यंत्रांवर उभे राहतात. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेने १९५२ साली प्रथम दाखविले. त्याचा आजचा वंशज, म्हणजे सीएनसी मिलिंग यंत्र, लहानशा वर्कशॉपातही कर्ज काढून आणले जाते. या यंत्रावर एक आकडा चुकला तर केवळ जॉब बिघडून भागत नाही. फिरते टूल शिकंज्यावर जाऊन आदळते. वर्कशॉपच्या भाषेत ‘मशीन ठोकली’ जाते.

अशी धडक कशी होते, हे कारखान्याबाहेरच्या वाचकालाही समजण्याजोगे आहे. यंत्राला डोळे नसतात. त्याला ठाऊक असतात ते केवळ आकडे. टूल किती लांब आहे, जॉबचा आरंभबिंदू कोठे आहे, हे माणसाने मोजून भरावयाचे असते. सहा क्रमांकाच्या लांब टूलच्या खात्यात सात क्रमांकाच्या आखूड टूलची लांबी भरली गेली, की यंत्र निःशंकपणे टूल जॉबमध्ये खुपसते. काही नियंत्रकांवर दहाच्या आकड्यापुढे दशांशचिन्ह द्यावयाचे राहिले, तर यंत्र त्याचा अर्थ दहा मिलिमीटर असा न घेता मिलिमीटरचा शंभरावा भाग असा घेते. वीज गेल्यावर प्रोग्राम मधूनच सुरू केला, तर आधीच्या ओळींतील आज्ञा वाचल्याच जात नाहीत. स्पिंडल न फिरताच टूल धातूवर चाल करून जाते. यांपैकी एकही चूक अडाणीपणाची नव्हे. जमाखर्चाच्या वहीत एक शून्य जास्त पडावे, तशी ही चूक आहे. फरक एवढाच की येथे ताळेबंद जुळवायला वेळ मिळत नाही.

किती मिळतो, हे हिशेबाने पाहावे. मिनिटाला ३६ मीटर वेगाने सरकणारे यंत्र सेकंदाला ६० सेंटिमीटर जाते. माणसाने धोका ओळखून बटण दाबेपर्यंत पाव सेकंद गेला असे धरले, तरी तेवढ्यात यंत्र १५ सेंटिमीटर पुढे गेलेले असते. शिकंजा बहुधा त्याच्या अलीकडेच असतो. तोच वेग ५ टक्क्यांवर आणला, तर त्याच पाव सेकंदात ते पाऊण सेंटिमीटर सरकते. म्हणजे दक्षतेचा उपदेश भिंतीवर रंगविण्यापेक्षा वेग कमी करणारी कळ फिरविणे अधिक उपयोगाचे. जाणता सेटर नवा प्रोग्राम आधी पडद्यावर चालवून पाहतो, मग जॉबच्या वर हवेत चालवितो, मग एकेक ओळ थांबत थांबत चालवितो आणि ‘अजून किती जायचे’ हा पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी दिसणाऱ्या अंतराशी ताडून पाहतो. यात काहीही गुपित नाही.

मग हे सर्वत्र होत का नाही? कारण या कामाला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कोणी धरलेले नसतात. काम देणारा दर ठरवितो तो नगावर. पहिला नग जपून काढण्यात गेलेला तास त्या दरात बसत नाही. शिफ्टच्या अखेरीस नग मोजले जातात, टळलेल्या धडका मोजण्याची सोय कोठेच नसते. घाईचा लाभ मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. घाईची जोखीम मात्र दरमहा पगारावर जगणाऱ्या पोराच्या माथी येते. मशीन ठोकली की ‘भरून दे’ अशी भाषा सुरू होते.

या भाषेला कायद्याचा आधार फारच थोडा आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीपोटी कपातीची मुभा दिली ती मोजून मापून: कामगाराकडे जपणुकीसाठी खास सोपविलेल्या मालाचे नुकसान झाले असेल आणि ते थेट त्याच्या हयगयीमुळे वा कसुरीमुळे झाले असेल तरच, तीही त्याला कारण दाखविण्याची संधी देऊन आणि नुकसानीच्या रकमेपलीकडे न जाता. २०१९ च्या वेतन संहितेनेही हीच चौकट ठेवली. परंतु ज्याची नोकरीच तोंडी आहे, त्याने कलमे दाखवावीत कोणाला?

साहजिकच तो लपवितो. आणि खरे नुकसान येथूनच सुरू होते. धडकेनंतर लाल बटण दाबून हात आवरावयाचा असतो. कोणती ओळ चालू होती, कोणते टूल होते, कोणते आकडे भरलेले होते, हे रीसेट करण्यापूर्वी लिहून घ्यावयाचे असते, कारण नंतर तो पुरावा पडद्यावरून पुसला जातो. रुतलेले टूल सोडविताना दिशा चुकली तर दुसरी धडक ठरलेली. म्हणून दिशेची खात्री करून सर्वांत लहान टप्प्याने मागे यावयाचे. मग स्पिंडलमध्ये चाचणीचा दांडा बसवून त्याची डुगडुग डायलवर पाहायची, स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे की नाही ते तपासायचे, मार खाल्लेला होल्डर बाद करायचा, व्हाइस पुन्हा सरळ लावायचा, टूलच्या लांब्या नव्याने मोजायच्या, कमी वेगावर यंत्र फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा आणि एक चाचणीचा जॉब काढून तो मोजायचा. घाबरलेला मुलगा यांतले काहीच करीत नाही. तो तुटलेले टूल बदलतो आणि काम पुढे चालू करतो. पुढे कित्येक दिवस भोके किंचित तिरपी पडतात, माल परत येतो, आणि एके दिवशी बेअरिंग बसते. त्या दिवशी यंत्रावर दुसराच कोणी उभा असतो.

विमानवाहतुकीला हा धडा फार पूर्वी मिळाला. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी आपल्या चुका कळवाव्यात म्हणून एक व्यवस्था चालते. ती नासाकडे आहे, दंड करणाऱ्या खात्याकडे नाही, आणि कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहते. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला तेथे संरक्षण नाही. प्रामाणिक चुकीला आहे. शिस्त सैल होईल, ही मालकांची भीती अगदीच निराधार नव्हे. पण वारंवार तीच चूक करणारा हुडकावयाचा असेल, तरी आधी धडकांची नोंद हवी, आणि ती आज कोठेच नाही.

वर्कशॉपच्या मालकाने कामाचा दर सांगतानाच पहिल्या नगाच्या तपासणीचा वेळ निराळा लावून मागावा. अडत्यासारखे हमाली-तोलाई वेगळी मांडण्यात संकोच कसला? मशीन ब्रेकडाउनचा विमा मिळतो. यंत्राची जोखीम तेथे उतरवावी, पगारातून नव्हे. प्रशिक्षण संस्थांत मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यात जॉब अचूक काढण्याला गुण मिळतात. थर्माकोलचा किंवा मेणाचा ठोकळा लावून एक धडक मुद्दाम घडवावी, आणि त्यानंतर विद्यार्थी काय लिहून घेतो व काय तपासतो यावर गुण द्यावेत. त्याला लागणारा खर्च ठोकळ्याएवढाच आहे.