अणुभट्टी मोडण्याची विद्या

दारूखान्यांत जुनीं जहाजें कशीं मोडतात, तें परळ-लालबागच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. गॅसची ज्योत लावली कीं जाड पोलाद भराभर कापलें जातें. ट्रॉम्बे येथील सायरस अणुभट्टी १९६० सालीं सुरू झाली व २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. अशी भट्टी मोडावयाची तर ती ज्योत फारशी कामाची नव्हे. न गंजणारें पोलाद वा अॅल्युमिनियम तिनें नीट कापलें जात नाहीं. शिवाय किरणोत्सर्गामुळें कारागिरास गाभ्याजवळ उभेंहि राहतां येत नाहीं. म्हणून असे भाग पाण्याखालीं, दुरून चालविलेल्या प्लाझ्मा यंत्रानें कापतात. पाणी किरणें अडवितें व धूळहि उडूं देत नाहीं. काँक्रीटला हिऱ्यांचे कण बसविलेली तार लागते.

कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्ग सुमारें सव्वापांच वर्षांत निम्मा होतो, तेव्हां थांबावें, असें कित्येक म्हणतात. हिशेब खरा; परंतु तेवढ्या काळांत भट्टीची नळी न् नळी ओळखणारीं माणसें निवृत्त होतात, हें त्यांत धरलेलें नसतें! आमच्या मतें हीं यंत्रें येथेंच घडवावीं, आणि त्या जाणत्यांच्या हाताखालीं तरुण आतांच तयार करावे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या आहेत. त्यांचीहि पाळी यावयाचीच.