मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे

जालन्याला चाचींकडे गेलो तेव्हा ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर टपाल तिकिटे वाळत घातली होती. बाजूला परातीत पाणी आणि त्या पाण्यात जुनी पाकिटे भिजत होती. चुलतभावाचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, मन लावून एकेक तिकीट सोडवत होता. सोडवून झालेले पाकीट तो चुरगळून कोपऱ्यात टाकत होता. मी ते पाहिले आणि चपलाही न काढता तसाच मटकन खाली बसलो.

ती पाकिटे चाचांनी चाळीस वर्षे जपली होती. चाचा शिक्षक होते. घराघरातल्या जुन्या पेट्या धुंडाळून त्यांनी निजामी काळातली पत्रे जमवली होती. बीडहून औरंगाबादला, परभणीहून हैदराबादला, नांदेडहून जालन्याला गेलेली. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. १९५० मध्ये हे टपालखाते भारतीय टपालात विलीन झाले. म्हणजे त्या प्रत्येक पाकिटावर तिकीट होते, लहानशा गावच्या टपाल कचेरीचा शिक्का होता, तारीख होती, पत्ता होता. यातले सुटे तिकीट बहुधा सामान्य असते. मोल असते ते या सगळ्याच्या एकत्र असण्याला. पाण्यात घातले की शिक्का दोन तुकड्यांत फाटतो, अर्धा तिकिटावर राहतो, अर्धा पाकिटावर. पत्त्याची शाई पसरते. मग उरते काय, तर एक आण्याचे चारमिनार, जे मी स्वतः पाच-दहा रुपयांना एक या भावाने घेतलेले आहे.

मुलाला मी काही बोललो नाही. त्यानेच मोबाइल पुढे केला. त्यावर तेच एक आण्याचे चारमिनार होते, काळ्या कापडावर ठेवून फोटो काढलेले, एका कोपऱ्याचे दात झडलेले. खाली किंमत, पंचाहत्तर हजार रुपये. "चाचा, सब लोग अकेला टिकटच बेचते, लिफाफा कोई नई लगाता," तो म्हणाला. त्याच्या तर्कात खोट नव्हती. त्याच्या हातात दिलेली माहिती खोटी होती.

माझे भांडण त्या पंचाहत्तर हजाराशी आहे.

असे भांडण काढले की ठरलेले उत्तर येते. "अहो, किंमत मागायला काय हरकत? ज्याला परवडेल तो घेईल, नाहीतर पुढे जाईल. बाजार आहे." मला हे उत्तर संग्राहकांकडून मिळाले, विक्रेत्यांकडून मिळाले, माझ्या एका वकील मित्रानेही ऐकवले. वरवर ते बिनतोड आहे. पण बाजारात माल आणि गिऱ्हाईक समोरासमोर असतात. मोंढ्यात कोणी ज्वारीचा भाव दसपट सांगितला तर शेजारचा आडत्या हसतो, आणि भाव तिथेच मरतो. ऑनलाइन मागितलेला भाव मरत नाही. तिकीट वर्षभर विकले जात नाही, तरी किंमत तिथेच झळकत राहते. दुसरा विक्रेता ती पाहून आपली मागणी सत्तर हजार लावतो आणि स्वतःला रास्त समजतो. तिसरा या दोघांचा फोटो काढून 'तुमच्या घरात हे तिकीट आहे का?' असा व्हिडिओ करतो. एकही तिकीट विकले गेलेले नाही आणि भाव मात्र ठरला! याला बाजार म्हणणे हा बाजाराचा अपमान आहे.

आणि यातून नुकसान कोणाचे होते? श्रीमंत संग्राहकाचे नाही, त्याला सगळे कळते. नुकसान होते ज्यांच्या घरात नवरा किंवा बाप एक अल्बम ठेवून गेला आहे त्यांचे. चाचींना गुडघ्याचे ऑपरेशन करायचे आहे. मी जालन्याला जाण्याच्या महिनाभर आधी एका जाणकार व्यापाऱ्याने अल्बम आणि पाकिटे मिळून बरी रक्कम देऊ केली होती. चाचींनी त्याला चोर ठरवून परत पाठवले. का? तर त्यांनी दहा रुपयांच्या गांधीजींच्या तिकिटाची बातमी ऐकली होती. "वो विलायत में चार करोड कू बिका ना, अपने पास भी गांधी है!"

ती बातमी खरी होती, आणि म्हणूनच जास्त घातक. १५ ऑगस्ट १९४८ ला भारताने गांधीजींची चार तिकिटे काढली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली. तिकिटावर 'बापू' हा शब्द नागरीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत आहे. हे मला फार आवडते, पण ते असो. या मालिकेवर 'सर्व्हिस' असा शब्द छापून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी मोजके शंभर संच तयार केले गेले. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक सलग पट्टी एप्रिल २०१७ मध्ये स्टॅनली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकली, म्हणजे सुमारे चार कोटी रुपये. चार तिकिटे, सलग, आणि त्यावर तो शब्द. हा शब्द नसलेले दहा रुपयांचे कोरे, मूळ डिंकासह असलेले तिकीटही मौल्यवान आहे, पण त्याचा हिशेब हजारांत होतो. चाचींकडे होते ते दीड आण्याचे, तपकिरी, शिक्का मारलेले. बातमी देणाऱ्यांनी 'गांधींचे तिकीट चार कोटींना' एवढेच ठेवले आणि बाकीचे गाळले. आता ऑनलाइन कोणतेही गांधी उचला, लाखाखाली बात नाही. त्यात 'सर्व्हिस' हा शब्द घरी छापून घेणारे आहेत, आणि दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकलाही फिरतात. तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आपल्या लोकांसाठी वेगळा सापळा असतो, तेही सांगून टाकतो. अजमान, फुजैरा, मनामा अशा नावांची तिकिटे 'अरबी, दुर्मिळ, इस्लामी' अशी पाटी लावून विकायला ठेवलेली मी पाहिली आहेत. तिकिटावर चित्र अंतराळवीराचे! संयुक्त अरब अमिरातीची स्वतःची तिकिटे सुरू होण्याआधी, साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला, या छोट्या अमिरातींच्या नावाने बाहेरच्या व्यापारी कंपन्यांनी संग्राहकांसाठी ढीगभर तिकिटे छापली. त्यातली कितीतरी पत्रावर कधी चिकटलीच नाहीत. उलटून पाहा, शिक्का मारलेला आहे आणि मागचा डिंक शाबूत आहे. अरबी अक्षरे दिसली की आपला हात खिशाकडे जातो, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक आहे. ७८६ आकड्याच्या नोटांचा धंदा याच भांडवलावर चालतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने लोकांकडून 'शुल्क' उकळणे इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, आमचा यात काही संबंध नाही. आमच्या मुलालाही एका 'खरीदारा'ने नोंदणीसाठी अडीच हजार मागितले होते. देण्याच्या बेतात होता.

मग रास्त किंमत कशी ओळखायची? मागणी बघू नका, विक्री बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात. तेच तिकीट, त्याच अवस्थेतले, शेवटच्या पाच-सहा वेळा कितीला गेले ते पाहा. तिथेही सौदा घासाघीस करून झाला असेल तर खरा आकडा दिसत नाही, आधीची मागणी काट मारून दिसते. तो आकडा धरू नका. कॅटलॉगचा आधार घ्या, पण कॅटलॉगचा भाव कोणाचा हे समजून. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमधला भाव म्हणजे ती पेढी चांगल्या स्थितीतले तिकीट स्वतः ज्या किमतीला विकेल ती किंमत. तुम्हाला घरबसल्या मिळेल ती नव्हे. त्यातला सर्वांत लहान भाव तर तिकिटाचा नसतोच, ते शोधून हातात देण्याच्या मेहनतीचा असतो. 'कॅटलॉग किंमत अमुक, आम्ही निम्म्यात देतो' ही जाहिरात वाचली की हे आठवा.

आणि अवस्था. आपल्याकडच्या पावसाळ्याने तिकिटांवर तपकिरी डाग पडतात. एखाद्याने तिकीट अल्बममधून ओढून काढले तर मागचा कागद पातळ होतो, समोरून कळत नाही, उजेडासमोर धरले की कळते. डिंक नव्याने लावलेला असतो. कडेचा एखादा दात नसतो. यातल्या एकेका दोषाने किंमत निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणून ज्या जाहिरातीत मागच्या बाजूचा फोटो नाही, त्यातली किंमत खरी की खोटी हा प्रश्नच येत नाही, ती अर्धवट सांगितलेली आहे. ओला माल ढिगाच्या तळाशी आणि कोरडा वर, हा प्रकार मदिनेच्या बाजारातही होता. रसूलल्लाहांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घालून ओल पकडली होती आणि विकणाऱ्याला झापले होते. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवायला बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, तेही त्यांनी मना केले. दुसऱ्या नावाने खाते उघडून स्वतःच्याच मालावर बोली लावणाऱ्या आणि शुक्रवारी पहिल्या सफमध्ये बसणाऱ्या बंधूंनी हे एकदा वाचावे. दुसरीकडे, बाजारात भाव ठरवून द्या म्हटले तेव्हा त्यांनी नकार दिला होता. नफा किती घ्यावा याबद्दल मीही बोलत नाही. दाखवा पूर्ण, मग मागा काय ते.

व्यापाऱ्यांना मी मोकळे सोडत नाही. तोच माल ऑनलाइन 'अतिदुर्मिळ' म्हणून विकणारा माणूस विधवेच्या दारात आला की 'रद्दी आहे, किलोवर देता का' म्हणतो. लोक अव्वाच्या सव्वा मागण्यांवर विश्वास ठेवतात, कारण या माणसाने त्यांना आधी एकदा लुटलेले असते. चाचींनी ज्याला परत पाठवले तो मात्र तसा नव्हता. त्याने प्रत्येक पाकिटाचा वेगळा भाव लिहून दिला होता, डाग कुठे आहे तेही लिहिले होते. तो कागद चाचींनी डब्यात ठेवला होता. मी त्याला फोन केला. पाकिटे भिजली म्हटल्यावर तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, सुट्या तिकिटांचे आधीच्या रकमेच्या दहावा हिस्साही देता येणार नाही. मी मान्य केले. त्याचे बरोबर होते.

एक पाकीट वाचले. ते अल्बमच्या पुठ्ठ्यात अडकून राहिले होते. एक रुपयाचे तिकीट, दौलताबादच्या चांदमिनाराचे, १९३१ च्या मालिकेतले, ज्यात आठ आण्यांवर अजिंठा आहे. चाचांनी पेन्सिलने कोपऱ्यात कोणत्या घरातून मिळाले ते लिहून ठेवले आहे. चाचींच्या वतीने ते मी विकायला ठेवले आहे, व्यापाऱ्याने लिहून दिलेल्या भावाला, एक पैसा जास्त नाही. पहिला फोटो मागच्या बाजूचा लावला आहे. तिथे वरच्या घडीला चिरा आहे आणि डाव्या कोपऱ्यात डाग. आतापर्यंत तिघांनी विचारले. तिघांनीही एकच विचारले, "इतके स्वस्त कसे? नकली तर नाही ना?"