स्वस्त ट्रॅक्टर आणि फुटलेली नळी

शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टायर आणि अनेक सुटे भाग यांवरील १८ टक्क्यांचा करही त्याच दिवशी ५ टक्के झाला. ही सवलत स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तिच्यासंबंधी चर्चा झाली ती मुख्यतः नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याचे किती रुपये वाचतील याचीच. २०२२-२३ या एका वर्षात देशात नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर खपले, हे खरे. तथापि पंधरा-वीस वर्षे वापरलेला, दोनदा मालक बदललेला ट्रॅक्टरही याच देशाच्या शेतात राबत असतो आणि लहान शेतकऱ्याची नांगरट बहुधा त्याच्याच भाड्यावर होते. त्या ट्रॅक्टरचे अर्थकारण विक्रीच्या आकड्यांत सापडत नाही. ते पाहायचे तर पॉवर स्टीअरिंगच्या एका नळीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

ही नळी दिसायला क्षुल्लक असते. इंजिनावर चालणारा पंप तेल दाबाने ढकलतो, स्टीअरिंगखालचे नियंत्रक यंत्र ते डाव्या वा उजव्या बाजूस वळविते आणि पुढच्या आसाजवळचा सिलिंडर चाके फिरवितो. या सर्वांना जोडणाऱ्या नळ्यांपैकी पंपाकडून येणाऱ्या व सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलो किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. त्याच ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये हवेचा दाब जेमतेम एक किलोच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या रबरी नळीच्या पोटात पोलादी तारांची वीण का असते ते कळते. टाकीकडे परतणाऱ्या नळीवर मात्र असा ताण नसतो. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, सांगाड्यावर घासून वरचे आवरण झिजते, तार गंजते, आणि नळी नेमकी ऐन हंगामात फुटते. ऐन हंगामातच, कारण एरवी ट्रॅक्टर उभा असतो!

येथून पुढे जे घडते ते उद्बोधक आहे. मूळ नळी तालुक्याच्या दुकानात नसते. मागविली तर काही दिवस लागतात. मग मिस्त्री परतीच्या नळीसाठी चालणारा साधा रबरी पाइप दाबाच्या जागी बसवून पट्टीचा क्लॅम्प आवळतो. दोन दिवस काम भागते. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर तो पाइप निसटतो आणि त्याच क्षणी स्टीअरिंग जड होते. ही किफायत कोणाच्याही हिशेबात बसणारी नाही. गळती हाताने चाचपण्याची सवय तर त्याहून घातक. दाबाखालील तेलाची सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते; जखम टाचणीएवढी दिसते, परंतु तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी, एवढी साधी गोष्ट किती चालकांना कोणी सांगितली असेल?

खरी दुरुस्ती अवघड नाही. इंजिन बंद करून स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवावे, म्हणजे उरलेला दाब उतरतो. कोणती नळी कोणत्या तोंडाची याची खूण करावी. नवी नळी पीळ न पडता, चाक दोन्ही टोकांपर्यंत वळले तरी ताणली जाणार नाही अशी बसवावी, जुने वायसर पुन्हा वापरू नयेत. मग तेल भरून चाके अनेकदा दोन्हीकडे वळवून आतली हवा काढावी. तारेच्या विणीची नळी मापाने कापून तिची टोके यंत्राने दाबून देणारा कारागीर जवळ असेल, तर सारे काम एका दिवसात उरकते. म्हणजे अडचण नळीच्या किमतीची नसून वाटेत जाणाऱ्या दिवसांची आहे. वाफसा चार दिवसांचा आणि नळी यायला सहा दिवस लागत असतील, तर करात वाचलेल्या रुपयांनी हे नुकसान भरून निघत नाही. शिवाय असा माल पुष्कळदा कच्च्या बिलावर घेतला जातो. तेथे कराचा दर १८ की ५, हा प्रश्नच निघत नाही.

पतपुरवठ्याचीही अवस्था अशीच आहे. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरविताना शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के वाढीव रक्कम धरण्याची तरतूद आहे. परंतु ती एकूण मर्यादेत मिसळून जाते आणि खता-बियाण्यांत संपते. नव्या ट्रॅक्टरसाठी अनुदान आहे, दीर्घ मुदतीचे कर्ज आहे. जुना चालू ठेवणाऱ्याने मात्र सावकाराकडे किंवा मिस्त्रीच्या उधारीकडे पाहावे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि प्रारंभी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती-अवजारांचा समावेश केला, ही गोष्ट श्रेयस्कर होय. पुढे दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा विचार सुरू झाला तेव्हा भर पडला तो मोबाइल व विजेच्या उपकरणांवर. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा २०२३ मध्ये केला, तो २०२४ च्या आरंभी अमलात आला. तेथील भांडण संगणकीय कुलपांचे आहे. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरला असे कुलूप नाही. त्याच्या नळीचे माप, दाब आणि टोकाचे आटे कोठे लिहिलेले सापडत नाहीत, एवढेच. एचएमटीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. त्यानंतर त्या ट्रॅक्टरच्या मालकाने ही माहिती कोणाला विचारावी? लुधियानाच्या लहान कारखान्यांनी नमुना पाहून भाग घडविले नसते, तर असे कितीतरी ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेले असते.

उत्पादकांनी बंद केलेल्या नमुन्यांची मापे प्रसिद्ध करावीत, अशी सक्ती करण्यास सरकारला फारसा खर्च नाही. अनुदानावर उभ्या राहिलेल्या अवजारे बँकांत नव्या यंत्रांच्या जोडीला नळीची टोके दाबणारे एक यंत्र आणि ते चालविणारा प्रशिक्षित तरुण ठेवता येईल. पुढील गळीत हंगामापूर्वी निदान ऊसपट्ट्यातील तालुक्यांत हे करून पाहण्यास हरकत नसावी.