परसबागेचा धडा गावच्या बांधावर

पावसाळ्याच्या तोंडावर पुष्कळ गावी शाळेपुढे, चावडीपुढे व घरामागे बाग लावण्याचा उत्साह दिसतो. शहरातील रोपवाटिकेतून शोभेची रोपे येतात, आळी होतात, पहिले पाणी पडते. परंतु होळी उलटली की विहीर तळ गाठते आणि बाग करपू लागते. ती वाचवावयाची, तर लांबून पाणी आणणार कोण? बहुधा घरची बाईच. तिच्या डोक्यावरील खेपा वाढविणारी बाग कितीही देखणी असली, तरी ती शहाणपणाची नव्हे.

म्हणून रोपांची यादी करण्यापूर्वी वैशाखात शिवाराची एक फेरी करावी. कोणी पाणी न घालता बांधावर बोर उभी असते, माळावर सीताफळ तग धरते, डोंगरउतारावर करवंदीच्या जाळ्या असतात. बोर उन्हाळ्यात पाने गाळून विसावा घेते. सीताफळाच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. कमी पाण्याच्या गावात याहून चांगले प्रात्यक्षिक ते कोणते? कुंपणाला काटेरी करवंद, दाराशी फांदीपासून लागणारा शेवगा, मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ आणि पावसाळ्यात मांडवावर घेवडा, एवढ्याने बाग उभी राहते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, म्हणजे पाणी आणखी कमी लागते.

‘गावठी’ म्हणून या झाडांना नाक मुरडणारे आहेत. परंतु स्थानिक झाडांचा आग्रह म्हणजे सुधारणेला विरोध नव्हे. रानबोरीच्या खुंटावर सुधारित बोरीचा डोळा भरला, म्हणजे मूळ गावचे काटक राहते व फळ मोठे मिळते.

बियाण्याचेही तसेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जतन केले व इतरांनाही दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे वाण कोठे कोठे अजूनही वृद्ध स्त्रियांनी गाडग्यात राख घालून जपलेले असतात. त्या स्त्रियांबरोबर ते नाहीसे होऊ देणे हे गावाचे नुकसान होय.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने रोपांची मागणी नोंदविण्याआधी अशा घरांची व झाडांची नोंद करावी. शेतकऱ्यांनी एकमेकांकडून बी मागून घ्यावे, फांदी मागून घ्यावी आणि हंगाम सरताच घेतलेल्या बियाच्या दुप्पट बी परत करावे.