गेदलोंचा नवा किल्ला

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, ओकच्या अरण्यातील एका पडीक दगडखाणीत १९९७ साली ज्याचे काम सुरू झाले आणि जो अद्याप बांधलाच जात आहे, तो गेदलोंचा किल्ला पाहून आलेले काही सुविद्य गृहस्थ हौसेचा तमाशा म्हणून त्याची संभावना करतात. ती मला अन्यायाची वाटते.

मिशेल ग्युयो यांच्या कल्पनेतून निघालेल्या या उद्योगाने सन १२२८ हे आपले काल्पनिक आरंभवर्ष मानले आहे. देवगिरीवर तेव्हा सिंघण यादवाचे राज्य होते. त्या काळच्या हत्यारांखेरीज अन्य साधन वापरायचे नाही हा तेथील दंडक. तेरा गाठींच्या दोरीतील बारा समान अंतरे तीन, चार आणि पाच अशी ताणून गवंडी काटकोन साधतो. खाणीतला लोहमिश्रित वालुकाश्म इतका चिवट, की पाथरवटांच्या बोथटलेल्या टाक्यांना धार लावण्यातच लोहाराचा बराचसा वेळ जातो. आणि माणसे आत शिरून चालू लागली की प्रचंड लाकडी चक्र फिरून दगड बुरुजावर चढतो. माणसांच्या डोक्यांवर आधुनिक शिरस्त्राणे असतात खरी, पण कायद्यापुढे तेराव्या शतकाने एवढी माघार घ्यावी यात मला ढोंग दिसत नाही.

जुन्या हिशेबाच्या दप्तरांत दगडांची संख्या आणि मजुरीची रक्कम सापडते. परंतु चुना किती आळल्यावर कमानीखालचा लाकडी साचा काढावा, हे ज्या हातांना ठाऊक होते त्यांनी ते कागदावर उतरवून ठेवले नाही, आणि ते पुन्हा जाणून घेण्यास कमान उभारून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. २०१९ साली नोत्र-दामचे छप्पर जळाले, ते पुन्हा उभारताना कुऱ्हाडीने ओक तासून तुळया घडविणाऱ्यांत गेदलोंला तयार झालेले सुतारही होते. तमाशा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय आरंभी सरकारी साहाय्य घेतलेल्या या कामाचा खर्च आता मुख्यतः तिकिटांच्या उत्पन्नातून भागतो.

२०२५ च्या जुलैत आपल्याकडचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले आणि दुरुस्तीची चर्चा साहजिकच वाढली. तरतुदी होतील, मंजुऱ्याही मिळतील; प्रश्न चुना मळणाऱ्या आणि दगड घडविणाऱ्या माणसांचा आहे. लोहगडावर चुन्याची घाणी आजही पाहावयास मिळते, आणि पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढतात. एखाद्या गडाच्या पायथ्याशी, संरक्षित हद्दीबाहेर, शंभर हात लांबीची नवी तटबंदी केवळ शिकण्यासाठी का बांधू नये? दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात शिकाऊ पाथरवटाच्या रोजमुऱ्याचे एक सदर घालून आरंभ करता येईल, आणि त्याने पहिल्या वर्षी बिघडविलेले दगड खर्ची टाकण्याची मुभाही त्याच सदरात असावी.